लूप चालू ठेवून मुक्त जॅझ वाजवता येते का? सॅक्सोफोन, मराठी रॅप आणि सॅम्पलर यांचा मेळ

फोंड्याचा तबलावादक

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही तिघे दर रविवारी गोव्यात फोंड्याला माझ्या घरी वाजवायला बसतो. मी लहानपणी तबला शिकलो आणि गेली सहा वर्षे लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हे संगीताचे सॉफ्टवेअर व सोळा पॅडांचा सॅम्पलर, म्हणजे ध्वनींचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र, घेऊन बीट बांधतो. आमचे सॅक्सोफोनवादक साष्टीतले असून त्यांनी साठी ओलांडली आहे. आम्ही त्यांना बाब म्हणतो. त्यांनी बालपणी चर्चच्या शाळेत सोलफेज (पाश्चात्त्य स्वरवाचन) आणि व्हायोलिनचे धडे घेतले आणि पुढची तीस वर्षे मुंबईतल्या व जहाजांवरच्या बँडमध्ये काढली. ऑर्नेट कोलमन आणि अल्बर्ट आयलर या मुक्त जॅझच्या, म्हणजे ठरलेल्या स्वरसप्तकाचे व तालाचे बंधन न मानणाऱ्या जॅझच्या, सॅक्सोफोनवादकांच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी त्या जहाजांच्या दिवसांतच मिळवून ऐकल्या होत्या, परंतु ज्या बँडमध्ये पोट भरायचे तिथे तसे वाजवण्याची सोय नव्हती. तिसरा माझा मावसभाऊ. तो मराठीत रॅप लिहितो आणि बाबांना मनापासून मानतो.

अडचण अशी आहे. मी मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा ठेका, सुरू करतो. पहिली दोन मिनिटे बाब त्या लूपबरोबर चालतात आणि मग त्यांचे वादन अशा ठिकाणी जाते जिथे स्वरसप्तकही उरत नाही आणि मात्रांची मोजदादही उरत नाही. एकच स्वर फाटेपर्यंत ताणणे, मध्येच दीर्घ मौन, मग एका श्वासात ओतलेल्या वीस-पंचवीस स्वरांचा लोंढा. हाच भाग आम्हा दोघांना सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमके तेव्हाच माझे लूप भिंतीवरच्या घड्याळासारखे ऐकू येऊ लागते. लूप बंद केले तर मावसभावाच्या पायाखालची जमीन जाते, कारण त्याचे लेखन सोळा बारांच्या (चार-चार मात्रांच्या गटांच्या) मापात बांधलेले असते, म्हणजे चौसष्ट मात्रा, सुमारे ४३ सेकंद. मी लूपमधले ठोके कमी करून पाहिले, स्विंग, म्हणजे ठोक्यांचे झुलणे, ५८ टक्क्यांपर्यंत नेऊन पाहिला, खर्जाचा पट्टा काढून पाहिला. फरक पडला, पण मूळ तेढ सुटली नाही.

बाबांची आणखी एक तक्रार आहे. ते म्हणतात, "माझे वाक्य संपते तेव्हा तुझे यंत्र अजून विचारच करीत असते." मला हे नीटसे समजलेले नाही.

ज्यांनी मुक्त जॅझ, हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत खरोखर एकत्र आणले, त्यांनी ही तेढ कशी सोडवली? केवळ ऐकण्याच्या यादीपेक्षा काम करण्याच्या पद्धतीविषयी कोणी लिहिले तर मी आभारी राहीन.

डिचोलीचा ध्वनिमुद्रक

बाबांची तक्रार अक्षरशः खरी आहे आणि तिचे कारण तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, म्हणून आधी तेच सांगतो. एबलटन लाइव्हमध्ये लाँच क्वांटायझेशन नावाची एक मांडणी असते आणि ती मुळात एका बारवर ठेवलेली असते. तुम्ही पॅड दाबले तरी क्लिप (ध्वनीचा तुकडा) लगेच वाजत नाही, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेची वाट पाहते. ९० च्या लयीत चार मात्रांचा बार २.६७ सेकंदांचा होतो. बाबांनी वाक्य संपवले, तुम्ही ते ऐकले, तत्काळ पॅड दाबले आणि उत्तर मात्र अडीच सेकंदांनी आले, असे होत असेल, तर त्यांना तुमचे यंत्र विचार करीत बसले आहे असे वाटणारच. ती मांडणी पूर्ण बंद करा. शिवाय ज्या आवाजांना लयीशी बांधून ठेवण्याची गरज नाही, त्यांचे वॉर्प (आवाज ताणून लयीत बसवण्याची सोय) काढून टाका आणि ऑडिओ बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्यापूर्वी साठवतो तो भाग, ५१२ सॅम्पलवर असेल तर १२८ वर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ चा बफर सुमारे १२ मिलिसेकंद घेतो, १२८ चा जेमतेम तीन. तबला वाजवलेल्या बोटांना हा फरक जाणवेल.

आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या समजुतीप्रमाणे या मेळाचे दोन मार्ग आहेत आणि तुम्ही दोन्हींच्या मधोमध उभे आहात.

पहिला मार्ग म्हणजे आधी मोकळे वाजवायचे आणि नंतर कापायचे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९६९ च्या ध्वनिमुद्रणांवर निर्माते टिओ मॅसेरो यांनी कात्री चालवली होती. वादकांनी स्टुडिओत दीर्घकाळ उपज केली आणि मॅसेरो यांनी फिती कापून, काही तुकडे पुन्हा जोडून त्यांतून रचना घडवली. हिप-हॉपमधल्या सॅम्पलिंगची वृत्ती तिथे आधीच दिसते. शिकागोचे ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन यांनी हेच काम आपल्या काळात आणखी पुढे नेले. २०१५ मध्ये आलेल्या 'इन द मोमेंट' या संग्रहासाठी त्यांनी श्रोत्यांसमोर झालेल्या, आधी काहीही न ठरवता वाजवलेल्या मैफली ध्वनिमुद्रित केल्या आणि घरी बसून त्यांतले तुकडे निवडले, फिरवले, एकावर एक रचले. वाजवणाऱ्याच्या डोक्यावर लूप नव्हते आणि तरीही ऐकणाऱ्याला लूप मिळाले. मला या मार्गाची मोहिनी यामुळेच वाटते.

दुसरा मार्ग म्हणजे यंत्र चालवणाऱ्याने त्याच क्षणी वादकासारखे वाजवायचे. फोर टेट या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे किरन हेब्डन आणि ज्येष्ठ ड्रमवादक स्टीव्ह रीड यांची २००६ ची 'एक्स्चेंज सेशन' ही मुद्रणे अवश्य ऐका. तिथे ठेका धरण्याची जबाबदारी यंत्रावर नाहीच. ठेका धरायचा की सोडायचा हे रीड ठरवतात आणि हेब्डन त्यांच्या अवतीभोवती ध्वनी पेरत, कधी अंगावर येत, कधी मागे सरत राहतात.

रॅपही त्यात आणण्याचा थेट प्रयत्न पियानोवादक मॅथ्यू शिप यांनी केला. २००२ च्या डीजे स्पूकी यांच्या 'ऑप्टोमेट्री'मध्ये शिप आणि बासवादक विल्यम पार्कर आहेत, तर २००३ मध्ये अँटिपॉप कन्सोर्टियम या रॅप गटाबरोबर शिप यांचा स्वतंत्र संग्रह आला. हा दुसरा संग्रह मला आवडतो, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात पियानो बहुतेक वेळ बीटच्या चौकटीत वावरतो. तुम्हाला जे टाळायचे आहे तेच तिथे बऱ्याच ठिकाणी घडले आहे, असे माझे मत आहे.

माझा सल्ला असा की तीन रविवार लूप अजिबात लावू नका. तिघांनी मोकळे वाजवा आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा मुद्रित करा. खोली एकच असल्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरेल आणि पावसाळ्यात कौलांवरचा आवाज तर सगळ्यांतच शिरेल, पण तुकडे कापायला ते चालते. बाबांच्या वादनातले चार-सहा सेकंदांचे तुकडे निवडा, त्यांवर मावसभावाला लिहू द्या आणि नंतर तेच तुकडे पॅडवर घेऊन बाबांसमोर बसा. म्हणजे त्यांना परक्या ठोक्याशी झगडावे लागणार नाही. त्यांना स्वतःच्याच वाक्यांना उत्तर द्यायचे असेल.

म्हार्दोळची गायन शिक्षिका

मी जॅझची जाणकार नाही. विद्यार्थ्यांमुळे ऐकते आणि जे ऐकते त्याचा आपल्या संगीताच्या अंगाने विचार करते. तरीही या प्रश्नात मला रोजचीच एक गोष्ट दिसली, म्हणून लिहिते.

विलंबित एकतालाचा ठेका हेही एक लूपच आहे. तो तासभर तसाच फिरतो आणि त्यावर गाणारा इतका मोकळा असतो की नवख्याला गायक आणि तबलजी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे की नाही असा प्रश्न पडावा. हे साधते याचे कारण दोघांनी प्रत्येक मात्रा एकत्र चालायचे असे ठरवलेले नसते. ठरलेले असते ते फक्त समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, भेटायचे. मधल्या वाटेवर गायक कुठेही जातो. परत येताना तो मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतो आणि तो मुखडा ऐकला की तबलजीला, तानपुऱ्यावर बसलेल्या विद्यार्थिनीला आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यालाही कळते की आता सम येते आहे. आपल्या गोव्यातच लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर होऊन गेले. हातांनी आणि पायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरणारा तो माणूस होता. इतक्या वेगवेगळ्या गती एका देहात नांदू शकल्या, त्या भेटीच्या जागा पक्क्या होत्या म्हणूनच ना?

म्हणून बाबांना एक मुखडा ठरवायला सांगा. तीन-चार स्वरांचे एक छोटे वाक्य, जे ते फक्त परत येतानाच वाजवतील. ते ऐकू आले की तुम्ही आणि तुमचा मावसभाऊ सज्ज व्हा. तुम्ही तबल्याचे विद्यार्थी आहात, तेव्हा मुखड्यावर कान ठेवणे तुम्हाला नव्याने शिकावे लागणार नाही. यंत्रासमोर बसल्यावर ती सवय सुटली असेल, एवढेच.

रॅप करणाऱ्या मुलासाठी कीर्तनाचा दाखला देते. कीर्तनकार निरूपण करताना मात्रा मोजत नाही. बोलता बोलता त्याचा आवाज चढतो, गद्याचे पद्य होऊ लागते, तो अभंगाच्या ध्रुपदावर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीवर, येतो आणि झांज, पेटी, तबला सगळे त्याच क्षणी उचलतात. त्या मुलाने सोळा बारांऐवजी एक चांगले ध्रुपद लिहावे आणि मधले बोल कमीजास्त करण्याची मोकळीक स्वतःला द्यावी.

वास्को बासगिटार

एक छोटी सूचना. ८०८ या ड्रम मशीनसारखा लांब घुमणारा किक (ड्रमचा खर्जातला ठोका) सॅक्सोफोनबरोबर वापरू नका. तो स्वतःचा एक निश्चित स्वर घेऊन येतो आणि मुक्त वादन कितीही दूर गेले तरी ऐकणाऱ्याचा कान त्या खर्जाला आधारस्वर मानून सगळे त्याच्याशी ताडून पाहू लागतो. मग बाबांचे जाणूनबुजून घेतलेले स्वर चुकल्यासारखे वाटतात. आखूड, कोरडा, स्वरहीन ठोका घ्या.

मडगावचा ट्रम्पेटवादक

शिक्षिकाबाईंचे लेखन मी आदराने वाचले आणि मुखड्याची सूचना मला फार मोलाची वाटते, परंतु ठेक्याच्या तुलनेशी मी सहमत नाही, आणि हा मतभेद तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असल्यामुळे तो स्पष्ट मांडतो.

ख्यालात मोकळा असतो तो गायक. ठेका धरणाऱ्याने त्याला सांभाळायचे असते. मुक्त जॅझने नेमकी हीच वाटणी मोडली. ऑर्नेट कोलमन यांनी २१ डिसेंबर १९६० रोजी 'फ्री जॅझ' मुद्रित केले तेव्हा त्यांनी दोन संपूर्ण चौकड्या एकाच वेळी वाजवल्या. एक चौकडी स्टिरिओच्या डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला ऐकू येते. त्या सदतीस मिनिटांत दोन बासवादक आणि दोन ड्रमवादकही तितकेच बोलत असतात. तेव्हा तुम्ही लूपला ठेक्याच्या जागी बसवले, तर जे तयार होईल ते लूपवरचे सॅक्सोफोनवादन असेल. ते सुंदर असू शकते, पण बाबांनी तीस वर्षे मनात जपलेली गोष्ट ती नव्हे. आमच्या गोमंतकीय वादकांच्या कितीतरी पिढ्यांनी दुसऱ्यांच्या रचनांत आठ-सोळा बारांपुरते स्वातंत्र्य उपभोगले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट घ्या किंवा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसलेले ते असंख्य वादक घ्या, त्यांच्या हातात केवढे सामर्थ्य होते आणि ते दाखवायला किती थोडी जागा होती, हे आठवले की आजही मन भरून येते. बाबांना आता पूर्ण जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

मुखड्याबाबत मात्र बाई अगदी बरोबर आहेत. त्या १९६० च्या मुद्रणातही प्रत्येक वादकाची पाळी सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मिळून वाजवायचे छोटे तुकडे आधी ठरवलेले होते. मुक्त याचा अर्थ काहीच न ठरवलेले असा कधीच नव्हता.

यंत्राला वादकाच्या जागी बसवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस यांनी १९८० च्या दशकात 'व्हॉयेजर' या संगणकप्रणालीतून केला. ती समोरच्या वादकाचे ऐकते, कधी त्याला प्रतिसाद देते आणि कधी स्वतःच्याच मर्जीने वाजवते. तुम्हाला तेवढी खटपट करण्याची गरज नाही. लाइव्हच्या ११व्या आवृत्तीपासून प्रत्येक ठोक्याला तो वाजण्याची शक्यता टक्क्यांत देता येते. किकला ४० टक्के द्या, हायहॅटला (ड्रमच्या झांजेला) २५. चक्र तेच राहील, पण पुढच्या वेळी काय वाजेल हे तुम्हालाही ठाऊक नसेल, आणि त्यामुळे तुम्हालाही बाबांइतकेच कान देऊन ऐकावे लागेल.

रॅपविषयी पुष्कळ जण केंड्रिक लामार यांच्या २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'कडे बोट दाखवतील. ते थोर काम आहे, पण त्यातले जॅझ बहुतांशी स्थिर लयीत चालते, म्हणून तुमच्या प्रश्नाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याऐवजी इररिव्हर्सिबल एंटँगलमेंट्स या पंचकाचा २०१७ चा पहिला संग्रह मावसभावाला ऐकवा. मूर मदर या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रॅपही करणाऱ्या कवयित्री कमाए अयेवा तिथे पूर्ण मुक्त वादनावर बोलतात. बार नाहीत, यमकांचा हट्ट नाही. एखादी ओळ त्या पुन्हा पुन्हा, दरवेळी वेगळ्या वजनाने म्हणतात आणि ती ओळच लूपचे काम करते.

बाबांसाठी एक शेवटची गोष्ट. मूळ जमैकाचे, लंडनमध्ये स्थायिक झालेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनीही १९६० मध्येच कोलमन यांच्यापासून स्वतंत्रपणे मुक्त शैली शोधली होती, आणि १९६९ मध्ये त्यांनी ज्यांच्याबरोबर 'हम दोनो' हा संग्रह केला ते गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय घराण्यातले होते. त्या संग्रहात हॅरियट पूर्ण मुक्त वाजवत नाहीत, पण तो बाबांना ऐकवाच.

फोंड्याचा तबलावादक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन रविवार गेल्यावर लिहितो आहे.

लाँच क्वांटायझेशन बंद केल्यावर पहिला अर्धा तास माझा फार गोंधळ झाला, कारण इतकी वर्षे यंत्र माझ्या उशिरा पडलेल्या बोटाला सावरून घेत होते हे मला कळलेच नव्हते. त्यानंतर मात्र बाब वाजवता वाजवता प्रथमच माझ्याकडे पाहून थांबले, मी उत्तर दिले आणि ते पुढे गेले. गेल्या आठ महिन्यांत असे झाले नव्हते.

मुखडा म्हणून बाबांनी एका जुन्या मांडोतले (गोव्यातल्या गीतप्रकारातले) उतरते चार स्वर निवडले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मावसभावाने एक ध्रुपद लिहिले आणि मधले बोल सैल ठेवले. एका संध्याकाळी आम्ही सहा वेळा प्रयत्न केला. दोनदा तिघे एकाच क्षणी ध्रुपदावर आलो, तीनदा मी आधी आलो आणि एकदा बाबांनी मुखडा वाजवून ऐन वेळी यायचेच नाही असे ठरवले. ते सहावे वादन मी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे, कारण त्यात मावसभाऊ ध्रुपद अर्ध्यावर सोडून गप्प राहिला आणि ते गप्प राहणे त्याच्या कोणत्याही ओळीइतके चांगले होते.

तुकडे कापून पॅडवर घेण्याच्या सूचनेला बाबांनी प्रथम विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, "ते वाक्य मी त्या वेळेपुरते वाजवले होते, पुन्हा वाजवणार नव्हतो." हा आक्षेप मला योग्य वाटला. शेवटी आम्ही असे ठरवले की ज्या संध्याकाळी तुकडा कापला त्याच संध्याकाळपुरता तो वापरायचा आणि घरी जाण्यापूर्वी सर्वांसमोर पुसून टाकायचा. यामुळे मावसभावाला आठवडाभर त्यावर लिहिता येत नाही, ही अडचण अजून तशीच आहे. ठोक्यांना टक्के देऊन पाहिले. ४० टक्के किक बाबांना आवडला, मावसभावाला अजून नाही.

खर्जाच्या सूचनेवरून मात्र एक नवी वाट सापडली. किक पूर्ण काढून मी त्या जागी घुमट हे गोव्याचे मातीचे तालवाद्य घेतले आहे. उजव्या हाताने चामड्यावर वाजवतो आणि डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकत-उघडत आवाज कमीजास्त वाकवतो, त्यामुळे खर्ज एका स्वराला चिकटून बसत नाही. दोन्ही हात त्यात गुंतल्यामुळे पॅड पायाने चालवायला शिकतो आहे. ध्वनिमुद्रकबाब, घुमटाला मायक्रोफोन कोणत्या बाजूने लावावा?

डिचोलीचा ध्वनिमुद्रक

दोन्ही बाजूंनी. चामड्याकडे एक, हातभर अंतरावर आणि थोडा तिरका, म्हणजे बोटांचा टणत्कार स्वच्छ येईल. मागच्या तोंडाकडे दुसरा, तळव्याला लागणार नाही इतका दूर, कारण घुमारा तिथूनच बाहेर पडतो. चामडे आत जाते तेव्हा मागच्या तोंडातून हवा बाहेर येते, म्हणून दोन्ही मायक्रोफोन एकत्र केल्यावर खर्ज पातळ वाटला तर एकाचा फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटा करून पाहा आणि ज्यात आवाज भरीव होईल तो ठेवा. तुकडे पुसण्याचा नियम मला पटला. फक्त त्या सहाव्या वादनाचे मूळ मुद्रण पुसू नका, बाबांची परवानगी असेल तर ते मला ऐकायचे आहे.